अस्थिर मूल आणि त्याचे सवंगडी : एका उपायाचा इतिहास

१

चळवळ्या मुलाला नावे ठेवण्यासाठी मराठीत शब्दांची वाण कधीच नव्हती. अचपळ, अवखळ, द्वाड, वांड, हूड, उनाड, व्रात्य, धसमुसळा ही यादी कोणत्याही गावच्या पारावर बसून सहज वाढविता येईल. हे शब्द एका अर्थाचे दिसले तरी एका जातीचे नाहीत. अचपळ आणि अवखळ या शब्दांत कौतुकाची छटा आहे. समर्थ रामदासांनी तर 'अचपळ' हे विशेषण स्वतःच्या मनालाच लावले आहे. उलट द्वाड, वांड, व्रात्य या शब्दांत निवाडा आहे. तेच मूल चौथ्या वर्षी आजीच्या लेखी अवखळ असते, आठव्या वर्षी गुरुजींच्या लेखी वांड ठरते, आणि दहाव्या वर्षी सवंगडी एकमेकांना सांगू लागतात की त्याला खेळायला घेऊ नका. मुलाच्या स्वभावात या सहा वर्षांत फारसा पालट झालेला नसतो. पालट झालेला असतो तो भोवतालच्यांच्या शब्दांत. प्रस्तुत निबंधाचा विषय हाच पालट आणि तो टाळण्यासाठी झालेले प्रयत्न हा आहे.

ज्या अवस्थेस आजचे वैद्यक अवधानन्यूनता व अतिचंचलता असे म्हणते, आणि जिचे एडीएचडी हे आद्याक्षरी नाव शहरांतील पालकांच्या परिचयाचे झाले आहे, तिची लक्षणे तीन प्रकारची सांगतात: लक्ष टिकत नाही, अंग स्थिर राहत नाही आणि विचाराआधी कृती घडते. या लक्षणांमुळे अभ्यासाचे जे नुकसान होते त्याची चर्चा पुष्कळ झाली आहे. मैत्रीच्या नुकसानीची चर्चा त्या मानाने थोडी. असे मूल आपली पाळी येईपर्यंत थांबत नाही, दुसऱ्याचे बोलणे पुरे होऊ देत नाही, डाव हरला की उधळून देते, आणि समोरच्याच्या चेहऱ्यावरील नाराजी त्याच्या ध्यानात येईतो खेळ मोडलेला असतो. अमेरिकेत २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात या अवस्थेतील निम्म्याहून थोडी अधिक मुले वर्गातील इतरांनी स्पष्टपणे नाकारलेली आढळली. सर्वांना हवीहवीशी वाटणारी जवळजवळ कोणी नव्हती.

या इतिहासाकडे आपण गोरेगावच्या बाजूने पाहणार आहोत. हे मुंबईचे उपनगर नव्हे. हिंगोली जिल्ह्याच्या सेनगाव तालुक्यातील, विदर्भाच्या सीमेकडील हे गाव. १ मे १९९९ रोजी हिंगोली जिल्हा झाला, त्यापूर्वी हा सारा प्रदेश परभणी जिल्ह्यात होता. आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात. अशा गावाची निवड करण्यास कारण आहे. शहरातील मुलाला शाळा बदलता येते, वाडा किंवा वसाहत बदलता येते, नव्या ठिकाणी नवे नाव मिळविता येते. गावात अंगणवाडीत जे सोबती भेटले तेच प्राथमिक शाळेत, तेच पुढे माध्यमिक शाळेत, आणि तेच पुढे शेताच्या बांधावर भेटतात. तेथे सहाव्या वर्षी चिकटलेले नाव साठाव्या वर्षीही हाक मारताना ऐकू येते. म्हणून सवंगड्यांचा प्रश्न खेड्यात अधिक जिव्हाळ्याचा आहे. वैद्यकाचा इतिहास मात्र शहरांत, दवाखान्यांत आणि प्रयोगशाळांत घडला. या दोन गोष्टींची सांगड कशी घालावयाची, हा येथील मुख्य प्रश्न होय.

२

प्रथम हे पाहिले पाहिजे की, स्थिर बसण्याची अपेक्षा मुलाकडून कधीपासून होऊ लागली. पंतोजीच्या गावठी शाळेत, मग ती देवळाच्या ओवरीत असो की कोणाच्या ओसरीवर, निरनिराळ्या वयांची मुले एकत्र बसत. कोणी धूळपाटीवर अक्षर गिरवीत असे, कोणी पाढे घोकीत असे, कोणी मोडी वळण साधीत असे. ज्याचे त्याचे काम ज्याच्या त्याच्या गतीने चाले. मोठी मुले धाकट्यांना सांगत. आणि परवचा तर मोठ्याने म्हणावयाचा असे. शांत वर्ग हे चांगल्या शाळेचे लक्षण तेव्हा नव्हते. सर्वांनी एकाच वेळी एकच धडा निमूटपणे ऐकावा ही व्यवस्था इयत्तांच्या शाळांबरोबर आली, आणि १८५४ च्या वुडच्या खलित्यानंतर सरकारी शाळांचा विस्तार झाला तसतशी ती रुजत गेली. यावरून असे अनुमान करता येते की, अस्थिर मुलाची अस्थिरता जुन्या शाळेत आजच्या इतकी डोळ्यांत भरत नसावी.

याचा अर्थ जुनी शाळा अशा मुलाला दयाळू होती असा मात्र नाही. अंगठे धरणे, उठाबशा आणि छडी ही त्या शाळेची नित्याची साधने होती, आणि ज्याचा हातपाय ताब्यात राहत नाही त्याच्या वाट्याला ती अधिक येणार हे उघड आहे. शिक्षेचा दुसराही एक परिणाम होतो, त्याकडे त्या काळी कोणाचे लक्ष गेले नाही. गुरुजी ज्याला रोज चारचौघांत उभे करतात त्याच्याविषयी इतर मुलांचे मतही ठरून जाते. छडी पाठीवर उमटते ती दोन दिवसांत जाते. सवंगड्यांच्या मनावर उमटते ती राहते. शाळेतील शारीरिक शिक्षेला भारतात २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने बंदी झाली. या दुसऱ्या शिक्षेला कायदा पोहोचू शकत नाही. तेथे शिक्षकाच्या विवेकालाच काम करावे लागते.

मराठवाड्याच्या बाबतीत आणखी एक गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. निजामी अमदानीत राज्यकारभाराची भाषा उर्दू होती, वरच्या शिक्षणाचे माध्यमही उर्दू. १९१८ साली हैदराबादेस स्थापन झालेले उस्मानिया विद्यापीठ उर्दू माध्यमाचे होते. घरी मराठी बोलणारा मुलगा पुढच्या शाळेत गेला की परक्या भाषेतील धड्यासमोर बसे. अशा मुलाचे लक्ष लागले नाही, त्याने चुळबूळ केली, तर तो दोष मुलाचा म्हणावयाचा की भाषेचा? हा प्रश्न जुना म्हणून सोडून देण्याजोगा नाही. हिंगोली जिल्ह्यात बंजारा तांडे आहेत. तेथील मुलाची घरची बोली गोरमाटी असते आणि अंगणवाडीत त्याला मराठी भेटते. ज्याला ऐकू कमी येते, ज्याला झोप पुरेशी मिळत नाही, ज्याच्या अंगात रक्त कमी आहे, तेही मूल लक्ष देत नाही. म्हणूनच ही लक्षणे बाराव्या वर्षाच्या आत दिसावीत, सहा महिने टिकावीत आणि घर व शाळा अशा किमान दोन ठिकाणी दिसावीत, अशा अटी आजचे निदानशास्त्र घालते. केवळ वर्गात दिसणाऱ्या चुळबुळीवरून मुलाला रोगी ठरविणे हा जुन्या निवाड्याचाच नवा अवतार होईल.

३

युरोपीय वैद्यकात या अवस्थेचे वर्णन अठराव्या शतकापासून आढळते. जर्मन वैद्य मेल्चिओर आडाम वायकार्ट याने १७७५ च्या सुमारास आणि स्कॉटिश वैद्य अलेक्झांडर क्रायटन याने १७९८ साली अवधानाच्या दौर्बल्यावर लिहिले. परंतु लहान मुलांच्या संदर्भात ज्याचे नाव प्रथम घेतले जाते तो लंडनचा बालरोगतज्ज्ञ जॉर्ज स्टिल. १९०२ साली तेथील रॉयल कॉलेज ऑफ फिजिशियन्समध्ये त्याने तीन व्याख्याने दिली आणि ४३ मुलांची हकीकत मांडली. त्यांतील पुष्कळ मुले बुद्धीने सामान्य होती; तरीही ती आवरत नव्हती. स्टिलने याला नैतिक नियंत्रणाचा दोष म्हटले. त्याने पाहिलेली सर्वच मुले आजच्या अर्थाने या अवस्थेची नसावीत, असे आता अभ्यासक मानतात. तथापि महत्त्वाची गोष्ट ही की, मूल वाईट चालीचे असल्यामुळे किंवा आईबापांनी लाडावल्यामुळेच असे वागते, या समजुतीला स्टिलने वैद्यकाच्या बाजूने पहिला धक्का दिला. नाव मात्र त्याने नीतीच्याच कोशातून उचलले.

पहिल्या महायुद्धाच्या अखेरीस युरोप-अमेरिकेत मेंदूज्वराची एक साथ आली. तीतून वाचलेल्या अनेक मुलांचे वर्तन पार बदलून गेले. शांत मुले बेबंद झाली. त्यामुळे अतिचंचलतेचे मूळ मेंदूच्या इजेत आहे ही कल्पना बळावली, आणि इजा सापडली नाही तरी ती सूक्ष्म असली पाहिजे असे पुढे कित्येक वर्षे मानले गेले. यानंतरचा टप्पा औषधाचा. १९३७ साली अमेरिकेत ऱ्होड आयलंड येथील बालरुग्णालयात चार्ल्स ब्रॅडली याने तीस मुलांना बेन्झेड्रिन दिले. मेंदूच्या एका क्लेशदायक तपासणीनंतर होणारी डोकेदुखी कमी व्हावी हा त्यामागील मूळ हेतू. पण त्याच्या ध्यानात आले ते असे की, निम्म्या मुलांच्या अभ्यासात आणि वागण्यात ठळक सुधारणा झाली. मेथिलफेनिडेट हे औषध १९४४ साली सिद्ध झाले आणि पुढील दशकात बाजारात आले. अमेरिकन मनोविकार संघटनेच्या वर्गीकरणात या अवस्थेला १९६८ मध्ये बालपणीची अतिचंचल प्रतिक्रिया असे नाव मिळाले. १९८० मध्ये भर अवधानावर आला, आणि १९८७ पासून आजचे जोडनाव रूढ झाले.

नावांच्या या प्रवासात एक गोष्ट स्पष्ट दिसते. नीतीचा दोष, मेंदूची इजा, चंचलता, अवधानन्यूनता ही सारी नावे एकट्या मुलाकडे पाहून दिलेली आहेत. त्या मुलाच्या शेजारी बसणारे दुसरे मूल यांत कोठेच नाही. मैत्री ही दोघांची गोष्ट. पण तिचा बिघाड एकातच शोधला गेला.

४

ज्या १९३७ साली ब्रॅडलीचा निबंध प्रसिद्ध झाला त्याच वर्षी मुंबईत एक निराळी सुरुवात झाली. त्याच्या आदल्या वर्षी तेथे सर दोराबजी टाटा समाजकार्य विद्यालय निघाले होते. पुढे १९४४ मध्ये याचेच नाव टाटा समाजविज्ञान संस्था असे झाले. या विद्यालयाने भारतातील पहिले बालमार्गदर्शन केंद्र सुरू केले. अशा केंद्राची कल्पना अमेरिकेतील, आणि तिचे वैशिष्ट्य असे की मनोविकारतज्ज्ञ, मानसशास्त्रज्ञ आणि समाजकार्यकर्ता असे तिघे मिळून एका मुलाचा विचार करीत. समाजकार्यकर्त्याचे काम घरी व शाळेत जाऊन मूल कोणांत वाढते हे पाहण्याचे. मुलाचे दुखणे त्याच्या परिस्थितीसह पाहिले पाहिजे, ही दृष्टी या रीतीने महाराष्ट्रात आली. परंतु केंद्र मुंबईत होते, मुलाला तेथे न्यावे लागे. आणि परभणीकडील शेतकऱ्याला मुंबई म्हणजे त्या काळी दुसरे राज्यच होते.

पाश्चात्त्य देशांत पुढील काळात मुलांना सामाजिक कौशल्ये शिकविण्याचे वर्ग निघाले. त्यांची पद्धत थोडक्यात अशी: आठवड्यातून एकदा काही मुलांना एका खोलीत जमवावयाचे; संभाषणात शिरावे कसे, पाळी कशी घ्यावी, राग आला तर काय करावे हे नियम सांगावयाचे; नाट्यीकरण करवून घ्यावयाचे आणि शाबासकी द्यावयाची. ही पद्धत वरवर पाहता अगदी योग्य वाटते. मूल नियम पाळीत नाही, तेव्हा त्याला नियम शिकवावा, याहून सरळ ते काय? पण अनुभव निराळा आला. मुले खोलीत नियम बिनचूक सांगत आणि मैदानावर गेली की तोच नियम मोडीत. या वर्गांविषयीच्या २५ चाचण्यांचा एकत्र विचार करून २०१९ साली जो आढावा प्रसिद्ध झाला त्यात मुलांच्या सामाजिक कौशल्यांवर म्हणण्यासारखा परिणाम आढळला नाही. औषधाचीही मर्यादा दिसली. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या ५७९ मुलांच्या मोठ्या अमेरिकन अभ्यासात काळजीपूर्वक दिलेल्या औषधाने चंचलता व अनवधान निश्चितपणे कमी झाले. तथापि सवंगड्यांनी दूर ठेवलेल्या मुलांना तेवढ्याने पुन्हा जवळ केले असे दिसले नाही.

असे का व्हावे? याची दोन कारणे दिली जातात आणि ती दोन्ही मननीय आहेत. पहिले असे की, या मुलाला बहुधा नियम ठाऊक असतो. तो ऐन क्षणी आठवत नाही, किंवा आठवण्याआधीच हात पुढे गेलेला असतो. उणीव ज्ञानाची नसून आचरणाच्या क्षणाची आहे. म्हणून मदतही त्या क्षणी आणि त्या जागी मिळावी लागते. मंगळवारी खोलीत सांगितलेले शहाणपण शुक्रवारी मैदानावर कामाला येत नाही. दुसरे कारण सवंगड्यांच्या बाजूचे. अनोळखी मुले एकत्र आली तरी पहिल्या काही भेटींतच कोणाला घ्यावयाचे आणि कोणाला टाळावयाचे हे ठरून जाते, आणि एकदा ठरले की टाळलेल्या मुलाचे चांगले वागणे कोणाच्या नजरेस येत नाही. चूक तेवढी येते. मूल सुधारले तरी त्याची कीर्ती सुधारत नाही.

म्हणून गेल्या काही दशकांत उपायाची जागाच बदलू लागली आहे. विल्यम पेलहॅम यांनी १९८० साली फ्लॉरिडात सुरू केलेल्या उन्हाळी उपक्रमात मुले दिवसभर खेळतात आणि मार्गदर्शक त्यांच्याबरोबर मैदानावरच असतात. अमोरी मिकामी व त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ साली मांडलेल्या प्रयोगात त्याहून पुढचे पाऊल आहे: तेथे शिक्षकांना असे शिकविले की, चंचल मुलाच्या अंगचे गुण इतरांच्या समोर उघड बोलून दाखवावेत, सुधारणा करावयाची ती कानात सांगावी, आणि कोणालाही वगळावयाचे नाही हा वर्गाचा नियम करावा. अशा वर्गांत नाकारलेपण कमी झाले. हा पुरावा अजून थोडा आहे, हे मान्य केले पाहिजे. पण त्याचा रोख स्पष्ट आहे. मदत मुलाला करावयाची तशी ती त्याच्या सवंगड्यांच्या दृष्टीलाही करावयाची.

५

हा विचार नवा असला तरी त्याला अनुरूप अशी व्यवस्था महाराष्ट्रात यापूर्वीच एके ठिकाणी उभी राहिली होती, आणि तीही खेड्यात. ताराबाई मोडक (१८९२–१९७३) या मुंबईच्या पदवीधर. राजकोट येथील अध्यापिका विद्यालयाचे प्रमुखपद सोडून त्या भावनगरला गिजुभाई बधेका यांच्या दक्षिणामूर्ति बालमंदिरात गेल्या. १९२६ साली या दोघांनी नूतन बालशिक्षण संघ स्थापन केला. माँटेसरीबाईंच्या पद्धतीचा त्यांच्यावर मोठा प्रभाव. परंतु ती पद्धत शहरातील संपन्न घरांपुरती राहते हे त्यांना डाचत होते. १९४५ साली त्यांनी ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे ग्राम बालशिक्षा केंद्र काढले आणि तेथेच त्यांना अनुताई वाघ (१९१०–१९९२) यांची साथ मिळाली. १९५७ मध्ये केंद्र जवळच्या कोसबाड टेकडीवर गेले.

बोर्डीस आरंभीच एक अडचण आली. बालवाडी उघडली, पण दलित वस्तीतील मुले येईनात. तेव्हा ताराबाईंनी उलट मार्ग धरला: मुले शाळेत येत नाहीत तर शाळेने मुलांच्या अंगणात जावे. शिक्षिका वस्तीत जात, अंगण झाडीत, मुलांना आंघोळ घालीत, नखे काढीत, आणि मग तेथेच गाणी, गोष्टी व खेळ चालत. महाग साधनांच्या जागी शिंपले, बिया, पाने, खडे आले. हीच अंगणवाडी. कोसबाडला वारली मुले गुरे राखावयास जात, म्हणून कुरणशाळा निघाली. शिक्षक कुरणात गेला. गुरे राखीत शिकणे याचा अर्थच असा की, मुलाला मध्ये उठावे लागणार, धावावे लागणार आणि पुन्हा येऊन बसावे लागणार. ज्या हालचालीबद्दल इतरत्र छडी मिळाली असती, ती येथे शाळेच्या वेळापत्रकाचाच भाग झाली.

येथे एक सावधगिरीची सूचना देणे अवश्य आहे. ताराबाई व अनुताई यांनी अवधानन्यूनतेच्या मुलांवर उपचार केले असे म्हणणे इतिहासाला धरून होणार नाही. त्यांचा प्रश्न वंचित मुलांच्या शिक्षणाचा होता. तथापि त्यांनी निर्माण केलेल्या व्यवस्थेचे तीन विशेष आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय ठरतात. एक, शिक्षिका मूल जेथे खेळते तेथेच हजर असे. तेव्हा तंटा झाला तर तो मिटविण्याची रीत त्याच क्षणी दाखविता येई. दोन, खेळणारी मुले वस्तीतलीच असत. तेथे जे जुळे ते शिक्षिका निघून गेल्यावरही टिकण्याची शक्यता असे. तीन, घरच्या माणसांच्या डोळ्यांदेखत सारे चाले. मूल कसे वागवावे हे आईला वेगळे शिकवावे लागत नसे. खोलीतल्या वर्गांत ज्या तीन गोष्टी नव्हत्या त्या नेमक्या याच होत.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी केंद्र सरकारची एकात्मिक बालविकास योजना ३३ प्रकल्पांनी सुरू झाली आणि तिच्या केंद्रांना अंगणवाडी हे नाव मिळाले. नाव देशभर गेले. गोरेगावसारख्या गावीही गेले. पोषण, लसीकरण आणि नोंदवह्या यांच्या भाराखाली त्या नावातील मूळ अर्थ, म्हणजे मुलाच्या खेळात शिरणारी शिक्षिका, पुष्कळ ठिकाणी मागे पडला, हे खेदाने म्हणावे लागते. हा दोष सेविकांचा नव्हे. एका बाईने किती कामे करावीत याला मर्यादा आहे.

६

अंगणातील मदत म्हणजे व्यवहारात खेळातील मदत. म्हणून आपल्या खेळांकडेही या दृष्टीने पाहावयास हवे. हिंगोलीजवळचे नर्सी हे संत नामदेवांचे जन्मगाव मानले जाते. नामदेवांच्या गाथेत कृष्णाच्या बालक्रीडेचे अभंग आहेत, आणि त्या परंपरेतील कृष्ण हा खोड्या काढणारा, एका जागी न ठरणारा मुलगा आहे. परंतु गोपाळ त्याला वाळीत टाकीत नाहीत. काल्याच्या वेळी सर्वांची शिदोरी एकत्र होते, तीत त्याचीही असते. देवाच्या लीलेला वैद्यकाचा अर्थ चिकटविणे अनुचित होईल. पण खोडकर मुलाला मेळ्यात ठेवूनच घेणारे एक चित्र या प्रदेशाच्या मनात सात शतके आहे, एवढे तरी त्यावरून म्हणता येते.

खेळांत खो-खोचे उदाहरण घेऊ. याचे नियम पुण्याच्या डेक्कन जिमखान्याने १९१४ साली प्रथम बांधले असे मानतात. पाठलाग करणाऱ्या संघाचे नऊ गडी, आठ जण ओळीत, शेजारच्याकडे पाठ करून, उलटसुलट तोंडाने बसलेले, एक धावणारा. पाठीमागून 'खो' मिळाल्यावाचून बसलेल्याने उठावयाचे नाही, आणि मिळताच क्षणभरही थांबावयाचे नाही. अस्थिर मुलाला जे सर्वांत कठीण जाते ते, म्हणजे पाळीची वाट पाहणे, या खेळाचा प्राण आहे. पण येथे वाट पाहणे रिकामे नसते. सारे अंग ताणलेले असते, आणि वाट पाहिल्याचे फळ लगेच धावण्याच्या रूपाने मिळते. शिवाय चूक झाली तर पंच शिट्टी वाजवून तेथल्या तेथे सांगतो, आणि डाव पुढे चालू राहतो. चूक करणाऱ्याला कोणी दिवसभर कोनात उभे करीत नाही. खो-खोने ही अवस्था सुधारते असे सिद्ध झालेले नाही आणि आमचा तसा दावाही नाही. आमचे म्हणणे इतकेच की, क्षणी आणि जागी मदत देण्याची सोय या खेळांच्या बांधणीतच आहे. तिचा उपयोग करणारा शिक्षक मात्र हवा. नाहीतर त्याच मैदानावर 'याला घेऊ नका' हेही ठरते.

७

आज गोरेगावच्या मुलासाठी कोणता मार्ग उपलब्ध आहे? ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. बोर्डी आणि कोसबाड ज्या भागात आहेत तोच हा भाग, आणि २०१४ पासून ती गावे पालघर जिल्ह्यातच आहेत. हा योगायोग असला तरी अर्थपूर्ण आहे. या कार्यक्रमात जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तीस प्रकारच्या दोषांसाठी तपासणी व्हावयाची असते, आणि त्या तीसांत अवधानन्यूनता व अतिचंचलता हिचा समावेश आहे. फिरत्या पथकाने अंगणवाडीस वर्षातून दोनदा आणि शाळेस एकदा भेट द्यावी, आणि संशयित मुलास जिल्ह्याच्या केंद्राकडे पाठवावे, अशी योजना आहे. १९३७ मध्ये मुंबईस जे होते ते निदान कागदावर तरी गावाच्या वेशीपर्यंत आले. उलट, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील एकवीस प्रकारांत या अवस्थेचे स्वतंत्र नाव नाही. त्यामुळे त्या आधाराने मिळणाऱ्या सवलतींपासून ही मुले पुष्कळदा दूर राहतात.

परंतु पथक वर्षातून एकदोन दिवस येणार. उरलेले दिवस मूल, त्याचे सवंगडी, सेविका, गुरुजी आणि आई यांचे आहेत. इतिहासाने जो धडा दिला तो या उरलेल्या दिवसांसाठी आहे. डाव मांडण्यापूर्वी एकच नियम सांगावा आणि तो मुलाकडून वदवून घ्यावा. आठवण द्यावयाची ती खुणेने, त्या क्षणी द्यावी. रागावणे आवश्यक झाले तर ते बाजूला नेऊन असावे, आणि शाबासकी मात्र सर्वांच्या कानांवर जाईल अशी असावी. मोठ्या घोळक्यात ढकलण्याऐवजी एका शांत सोबत्याशी त्याची जोडी जमवावी. सर्वांचा लाडका होणे थोड्यांनाच साधते, पण एक मित्र असणे आणि एकही नसणे यांतील अंतर फार मोठे आहे. खेळ बिघडण्याच्या आधी संपवावा. वैद्याने औषध सांगितले तर त्याची लाज धरू नये, आणि औषध चालू झाले म्हणून बाकीचे सोडूही नये.

प्रारंभी म्हटले की, गावात चिकटलेले नाव पुसले जात नाही, आणि म्हणून खेड्यातील मुलाचा प्रश्न अधिक कठीण. त्याची दुसरी बाजूही येथे नोंदविली पाहिजे. शहरात दरवर्षी नवे सोबती, नवा वर्ग. तेथे मोठ्या कष्टाने मिळविलेली मर्जी जूनमध्ये पुन्हा पहिल्यापासून मिळवावी लागते. गावात सोबती तेच राहतात. पहिलीच्या वर्गात एखाद्या शिक्षिकेने, 'हा धावतो फार, पण पडलेल्याला उचलायला पहिला हाच जातो,' असे चारचौघांत म्हटले, आणि मुलांना ते पटले, तर तेही नाव साठ वर्षे टिकू शकते. स्टिलपासून आजपर्यंतच्या सव्वाशे वर्षांत या मुलाची नावे अनेकदा बदलली. ती बदलण्याचे सामर्थ्य पंडितांच्या परिषदेत आहे तसेच ते गावच्या अंगणातही आहे. आणि मुलाच्या दृष्टीने पाहता अंगणातले नाव अधिक महत्त्वाचे.